सिगारेट सोडताना ताण आला तेव्हा तुम्ही काय केलंत?

माझी सिगारेट सुटून आज ४१ दिवस झाले. नोकरी पणजीला, घर चोडणला. संध्याकाळी रायबंदरच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट बघत एक ओढायची, ही बारा वर्षांची सवय. साहेब ओरडले असतील तर दोन. सिगारेटने डोकं शांत होतं असं मला खरोखर वाटायचं. सोडल्यावर कळलं की निम्मी तगमग तलफेचीच होती. रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं, अंग मागायला लागतं, आणि ते मिळालं की आपण त्याला शांत वाटणं म्हणतो. आता फेरीच्या कठड्याला दोन्ही हात धरून पलीकडचा धक्का येईपर्यंत सावकाश श्वास सोडत राहतो. तलफ बहुधा तेवढ्यात ओसरते. तुमचे अनुभव सांगा, फसलेले प्रयत्नही.

वेर्णा, रात्रपाळी: सिगारेट बंद केली आणि छातीत धडधड सुरू झाली, झोप गेली. मला वाटलं, हा ताणच. डॉक्टरांनी विचारलं, चहा किती? सहा-सात कप. सिगारेटच्या धुरामुळे शरीर कॅफिन भराभर संपवतं. धूर थांबला की तोच चहा जास्त चढतो. तीन कपांवर आलो, आठवड्यात झोप लागली. हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

म्हापसा: सोडली यजमानांनी, पण सोसलं घरातल्या सगळ्यांनी. तिसऱ्या दिवशी आमटीत मीठ कमी म्हणून ताटावरून उठले. चिडचिड पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्यात जास्त असते हे माहीत असतं तर मी उलट बोलले नसते. चतुर्थी तोंडावर होती. माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळांची सजावट, पूर्ण त्यांच्यावर सोपवली. सुपारीचे घोस, आंबाडे, नारळाचा घड एकेक करून सुंभाने बांधताना दोन तास हात गुंतलेले. त्या दिवशी सिगारेटसाठी गाड्यावर गेले नाहीत.

फोंडा: भजनाला बसलं की दीड तास आठवणही होत नाही. माझा उपाय एवढाच.

डिचोली: २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, ट्रक दारात उभा आणि बँकेचे हप्ते चालू. तेव्हा दिवसाला दोन पाकिटं जायची. नंतर दोनदा सोडली, दोन्ही वेळा लग्नघरी पेग हातात आल्यावर पुन्हा धरली. तिसऱ्यांदा तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या १८००-११-२३५६ या मोफत नंबरवर फोन केला आणि तीन महिने दारूच्या बैठकीला गेलो नाही. डॉक्टरांना विचारून निकोटिन गम घेतली. आधी चुइंगमसारखी चघळत होतो, उचक्या लागायच्या. थोडी चावायची, तिखट झिणझिणी आली की गालात दाबून ठेवायची. हप्त्याची तारीख आली की अजून जीव घाबरा होतो, पण हात खिशाकडे जात नाही.

चोडण (धागा माझाच): डिचोलीचे भाऊ, गम कमी कशी करत आणलीत, तेही लिहा. माझ्या धाकट्या भावाने कालच सुरू केली आहे.