विषय: हिवाळ्याआधी घराबाहेरची कामं – आधी काय, नंतर काय?

नमस्कार मंडळी,

या उन्हाळ्यात आम्ही अपार्टमेंट सोडून स्वतःच्या घरात राहायला आलो. आजवर बर्फ पडला की खिडकीतून बघायचा, बाकीचं बिल्डिंगवाले बघायचे. आता गटर्स (छपराच्या कडेच्या पन्हाळी), बाहेरचे नळ, डेक (लाकडी ओटा), एसीचं युनिट, स्प्रिंकलर सगळं आमच्याच अंगावर आलंय. विचारावं त्या शेजाऱ्याची यादी वेगळी, आणि प्रत्येकाच्या यादीतलं प्रत्येक काम तातडीचं! नोकरी आणि लहान मूल सांभाळून फार तर दोन वीकेंड मिळतील. त्यात नक्की काय उरकू, आणि काय वसंतापर्यंत थांबेल? शिवाय आमचे नळ फ्रॉस्ट-फ्री, म्हणजे थंडीत न गोठणारे आहेत असं आधीचे मालक सांगून गेलेत. मग नळांकडे बघायला नको ना?

*

ताई, नवीन घराबद्दल मनापासून अभिनंदन!

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बरेच जण तिथेच फसतात. नळ फ्रॉस्ट-फ्री असला तरी त्याला लावलेला होज (बागेचा रबरी पाइप) काढावाच लागतो. या नळाची दांडी चांगली २०-३० सेंटिमीटर लांब असते. मूठ आपण बाहेर फिरवतो, पण पाणी अडतं ते भिंतीच्या आत, उबदार बाजूला. नळ बंद केला की मधल्या नळीतलं पाणी तोंडातून गळून जातं आणि गोठायला काही उरत नाही. होज तसाच राहिला तर ते पाणी नळीतच अडकतं. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं, त्या दाबाने नळी चिरते, आणि चीर भिंतीआड असल्यामुळे हिवाळाभर कोणाला पत्ता लागत नाही. वसंतात झाडांना पाणी घालायला नळ सोडावा, तर पाणी बेसमेंटमध्ये! तेव्हा बाकी काही जमलं नाही तरी चालेल, होज मात्र काढाच.

एखादा नळ साधा असेल तर त्याच्या पाइपवर घराच्या आत एक व्हॉल्व्ह सापडेल. तो बंद करा आणि बाहेरचा नळ पूर्ण उघडा. मग व्हॉल्व्हच्या बाजूला छोटी पितळी टोपी असते, ती खाली बादली धरून सैल करा. आत हवा शिरली की पाइपात अडकलेलं पाणी थोडंसं बादलीत पडतं, बाकीचं बाहेर वाहून जातं. टोपी परत घट्ट करा, बाहेरचा नळ हिवाळाभर उघडाच राहू द्या. फोमचं झाकण वरून लावायचं तर लावा, पण पाइप रिकामा करण्याला तो पर्याय नाही.

आता यादीबद्दल. माझ्या मते घराचं खरं नुकसान करतं ते साचलेलं पाणी. म्हणून ज्या कामाने पाणी घरापासून लांब जातं ते आधी, आणि दिसायला चांगलं दिसावं म्हणून करायचं ते मागाहून. गटर्स साफ करायचे ते पानगळ संपल्यावरच. घाई केलीत तर आठवड्यात परत भरतील. हाताने पानं काढा, मग वरून पाणी सोडून डाउनस्पाउटमधून, म्हणजे गटरचं पाणी खाली आणणाऱ्या पाइपातून, धड बाहेर पडतंय का ते बघा. तोवर नळ बंद करून झाला असेल तर बादलीने ओता, पण या एका कामासाठी होज थंडीत लावून ठेवू नका. डाउनस्पाउटचं पाणी घराच्या पायापासून दीड-दोन मीटर लांब पडायला हवं, नाहीतर ते तिथेच मुरतं, गोठतं आणि पायाला ढकलत राहतं. भिंतीलगतची माती बसली असेल तर भर घाला. ३ मीटरात १५ सेंटिमीटर उतार मिळाला की पुरे.

छपराच्या कडेला बर्फाचा बांध तयार होतो त्याचा दोष लोक गटर्सना देतात. मूळ बहुतेक वेळा छपराखालच्या माळ्यात, म्हणजे अ‍ॅटिकमध्ये असतं. घरातली ऊब वर झिरपते, छपरावरचा बर्फ खालून वितळतो, ते पाणी थंड कडेपाशी येऊन पुन्हा गोठतं, आणि मागे तुंबलेलं पाणी शिंगल्सखालून (छपरावरच्या कौलांसारख्या चकत्यांखालून) घरात उतरतं. कुऱ्हाडी-हातोड्याने तो बर्फ फोडायला जाऊ नका, छप्पर फुटेल. जमिनीवर उभं राहून लांब दांड्याच्या रूफ रेकने कडेचा ताजा बर्फ ओढून काढा. अ‍ॅटिकमधल्या फटी बुजवणं आणि इन्सुलेशन वाढवणं हा कायमचा उपाय, पण ते काम आतलं आहे, सवडीने करता येईल.

स्प्रिंकलरचं काम माहितगाराला द्या, असंच मी म्हणेन. नळ्यांमधलं पाणी कॉम्प्रेसरच्या हवेने उडवून लावतात. दाब जास्त झाला तर नळ्या आणि जोड फुटतात, आणि फटकन उडालेल्या तुकड्याने इजाही होते. जमीन गोठायच्या आत उरकायला हवं, तेव्हा आजच वेळ ठरवून टाका.

*

दादांच्या मेलला माझी थोडी पुस्ती. पाण्याचं सगळं पटलं, पण माझ्या यादीत फरनेसचे (घर गरम करणाऱ्या भट्टीचे) व्हेंट्स, म्हणजे हवा-धुराचे पाइप, त्याच्याही वर आहेत.

बऱ्याच नव्या फरनेसचे दोन प्लॅस्टिकचे पाइप बाजूच्या भिंतीतून बाहेर येतात, जमिनीपासून फार उंच नसतात. वाऱ्याने तिथे बर्फ साचून तोंडं बुजली तर फरनेस बंद पडतो, आणि त्याहून वाईट म्हणजे कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू घरात शिरू शकतो. त्याला ना वास, ना रंग. ताई, तुमच्या घरात लहान मूल आहे, म्हणून कळकळीने सांगते: पाइप कुठे आहेत ते आत्ताच बघून ठेवा, जवळची झुडपं छाटा, मोठा बर्फ पडला की ड्राइव्हवेच्याही आधी तिथला बर्फ काढा. ड्रायरच्या व्हेंटचंही तेच. कार्बन मोनॉक्साइडच्या डिटेक्टरची बॅटरीही तपासा.

एसीचं युनिट ताडपत्रीत गच्च गुंडाळू नका. आत ओल धरते, उंदीर घर करतात. फार तर वरून एखादी फळी ठेवा. हीट पंप (थंडीत घर गरमही करणारं युनिट) असेल तर काहीच झाकायचं नाही, तो हिवाळ्यात चालतो.

वाटेवरचा बर्फ वितळवायला टाकतात त्या मिठाचंही सांगते. साधं मीठ उणे ९ अंशांच्या खाली फारसं काम करत नाही, तिथे कॅल्शियम क्लोराइड लागतं. काँक्रीट याच वर्षी घातलेलं असेल तर पहिल्या हिवाळ्यात मीठ नकोच, वाळू टाका. पाय घसरत नाही, पृष्ठभागही सोलवटत नाही.

*

दोघांचेही खूप आभार! स्प्रिंकलरची वेळ घेतली, व्हेंट्सही सापडले. होज काढला, पण एक नळ साधा निघाला आणि त्याची पितळी टोपी हलतच नाही. पकडीने जोर लावू का? आणि खिडक्यांच्या कडेचं कॉकिंग (फटी बुजवणारा लेप) सुटलंय, ते याच वेळी करू?

*

ताई, जोर लावायचा तर दोन पकडी घ्या. एकीने व्हॉल्व्हचं अंग घट्ट धरा, दुसरीने टोपी फिरवा, नाहीतर पाइपच पिळवटेल. तरी नाही हलली तर सोडून द्या. व्हॉल्व्ह बंद आणि बाहेरचा नळ उघडा ठेवा, आणि कडाक्याची थंडी पडायच्या आत प्लंबरला बोलवा. कॉकिंगला साधारण ५ अंशांच्या वर तापमान आणि कोरडी कड लागते. या शनिवारी ऊन असेल तर उरकून टाका, नसेल तर आतल्या बाजूने खिडक्यांना प्लॅस्टिक फिल्म लावा आणि कॉकिंग वसंतात करा. डेकचं रंगकाम तर खुशाल पुढे ढकला.