ठिपके दाण्यांमुळे येतात, प्रमाणामुळे नाही

मातीच्या भांड्यांच्या पांढऱ्या ग्लेझवर (भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप) ठिपके हवे असतील तर रेड आयर्न ऑक्साइडचं, म्हणजे लोहाच्या लाल पुडीचं, प्रमाण वाढवा म्हणजे ते उठून दिसतील, हा या चर्चेत दिलेला सल्ला मला पटत नाही. ती पूड इतकी बारीक असते की ग्लेझमध्ये सगळीकडे एकजीव होते आणि पांढऱ्याचा सरसकट पिवळट-तपकिरी रंग होतो. ठिपक्यांसाठी दाणेदार इल्मेनाइट हवं. लोह आणि टायटॅनियमचं हे खनिज रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूतही असतं. सुक्या ग्लेझच्या वजनाच्या एक टक्क्यापासून सुरुवात करा. मूळ ग्लेझ ८० मेशच्या (इंचाला ८० छिद्रं) चाळणीतून गाळून झाल्यावरच ते घाला, नाहीतर जाडसर दाणे चाळणीतच अडकतात. बॉल मिलमध्ये (गोळ्यांनी दळणाऱ्या फिरत्या पिंपात) तर अजिबात नको, दळलं की ठिपके गेले.

इथे कुणी न मांडलेला मुद्दा म्हणजे दाणे तळाशी बसणं. इल्मेनाइट पाण्याच्या साडेचार पटींहून जड असतं, त्यामुळे ढवळून जरा थांबलात तरी पहिल्या वाडग्यावर भरपूर ठिपके आणि शेवटचा जवळजवळ कोरा, असं होतं. मिश्रणात एक-दोन टक्के बेंटोनाइट (एक अतिबारीक चिकणमाती) ठेवा आणि चिमूटभर एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) गरम पाण्यात विरघळवून थेंबाथेंबाने घाला. ग्लेझ दाटसर होतं आणि दाणे तरंगत राहतात. तरीही प्रत्येक भांडं बुडवण्याआधी हात पार तळापर्यंत घालून ढवळायचं, तळाला खरखर लागली की समजायचं अजून ढवळायला हवं. पातळ वाहणाऱ्या चकचकीत ग्लेझमध्ये ठिपक्यांना ओघळ येतात, म्हणून पहिली चाचणी सॅटिन मॅट, म्हणजे मंद चमकीच्या ग्लेझवर आणि उभ्या टाइलवरच घ्या.