काल माल पाठवलाय, मग ‘हॅव’ का चालत नाही?

डिस्पॅचवाला, उद्यमबाग :
मंडळी, मी बेळगावात एका फाउंड्रीत डिस्पॅच बघतो. शाळा मराठी मीडियम, शॉपफ्लोअरवर निम्मं कन्नड, मेल मात्र इंग्रजीत. परवा पुण्याच्या पार्टीला लिहिलं : ‘वी हॅव डिस्पॅच्ड फॉर्टी कास्टिंग यस्टरडे. द गुड्स इज इन द लॉरी.’ तिकडच्या परचेसवाल्यानं तीन ठिकाणी लाल करून मेल परत धाडला, आणि सीसीत आमचे मालक! काल माल पाठवलाय हे खरं, मग चुकलं काय? आमचे इंजिनिअर ‘कास्टिंग इज डन ऑन मंडेज’ लिहितात, त्यांना कोण काही म्हणत नाही.

खानापूरचा मास्तर (रिटायर) :
अहो, मराठी पक्कं आहे तुमचं, म्हणूनच इंग्रजी चुकलं. ‘काल पाठवलाय’ आपल्याकडं बिनदिक्कत चालतं. इंग्रजीत ‘हॅव डिस्पॅच्ड’ म्हटलं की गोष्ट आत्ताशी बांधलेली राहते. तिच्या शेजारी संपून गेलेला ‘यस्टरडे’ बसत नाही. कधी पाठवला ते सांगायचं तर ‘वी डिस्पॅच्ड’ आणि पुढं ‘यस्टरडे’. माल निघालाय एवढंच कळवायचं तर ‘हॅव’ ठेवा, ‘यस्टरडे’ काढा. सकाळी दहाला ‘हॅव यू हॅड टी धिस मॉर्निंग?’ विचारता येतं. तेच दुपारी चारला ‘डिड यू हॅव टी धिस मॉर्निंग?’ होतं. चहा तोच, सकाळ तीच, फक्त सकाळ संपली.

आता कास्टिंग. ओतण्याचं काम म्हणून बघितलं तर ते मोजत नाहीत, म्हणून इंजिनिअरसाहेबांचं ‘इज’ बरोबर. तुम्ही नग मोजून गाडीत भरले, म्हणून ‘फॉर्टी कास्टिंग्ज’. ‘आयर्न’चं असंच : लोखंड असेतोवर मोजायचं नाही, इस्त्री झाली की ‘टू आयर्न्स’. ‘गुड्स’ला मात्र दयामाया नाही, एकच पेटी असली तरी ‘आर’. आपला माल एकवचनी, तिथंच पाय घसरतो.

शहापूरकर :
मास्तर, मग कॉमेंट्रीत ‘इंडिया आर बॅटिंग’ म्हणतात ते?

खानापूरचा मास्तर (रिटायर) :
ब्रिटिश ढंग. अकरा जण डोळ्यांपुढं असले की ‘आर’, देश म्हटला की ‘इज’. अमेरिकन लोक टीमलाही बहुतेक ‘इज’च लावतात.

डिस्पॅचवाला, उद्यमबाग :
कळलं. अजून एक. ‘द लॉरी लीव्हज ॲट सिक्स टुमॉरो’ लिहू का? उद्याचं आहे, ‘विल’ नको?

खानापूरचा मास्तर (रिटायर) :
खुशाल लिहा. वेळ ठरलेली आहे ना, मग वर्तमानकाळ चालतो. ‘विल लीव्ह’ पण चूक नाही. आणि तुम्ही घरात बनियनवर उभं राहून फोनवर ‘हा बघ, आलोच’ म्हणता, तो तर भूतकाळ!

डिस्पॅचवाला, उद्यमबाग :
आमचा ड्रायव्हर रोजचाच. ‘निपाणी सोडली’ म्हणतो, तेव्हा निपाणीच्या बरंच अलीकडं, बेळगावच्या बाजूला हत्तरगीच्या टोलवर चहा पीत असतो.