मदत हवी आहे: ॲब्सारोका डोंगरात मेंढा आणि म्यूल डिअर

मंडळी, मित्राला यंदा सोडतीत अमेरिकेतल्या वायोमिंग राज्याचा बिगहॉर्न या जंगली मेंढ्याच्या शिकारीचा परवाना लागलाय, मला म्यूल डिअर हरणाचा. सप्टेंबरात ॲब्सारोकात, दहा हजार फुटांवर आठ दिवस तंबू टाकायचाय. मी डेन्व्हरचा, म्हणजे परराज्यातला. बाहेरच्याला तिथल्या राखीव रानात वाटाड्याशिवाय शिकार करता येत नाही, पण मित्र तिथलाच रहिवासी, त्याला वाटाड्याचा परवाना फुकट मिळतो. ते मिटलं.

खरी धास्ती मांसाची. तिकडे ग्रिझली अस्वलं आहेत. हाडं काढून मांस कापडी पिशव्यांत भरलं, तरी जिथे झाडंच संपतात तिथे ते टांगायचं कशावर? घोडे भाड्याने घ्यावेत की पाठीवरच दोन-तीन खेपा? सह्याद्रीत सॅक वाहिलीय, पण या ओझ्यासमोर ती रिकामीच म्हणायची. कोणी गेलंय का?