कृत्रिम पायांच्या मिशन-शिबिरात स्वयंसेवक म्हणून जावे का?

धागाकर्ता, यवतमाळ जिल्हा

गेल्या फेब्रुवारीत आमच्या तालुक्याच्या गावी एका ख्रिस्ती वैद्यकीय मिशनचे आठ दिवसांचे कृत्रिम पायांचे शिबिर झाले. मी तेथे पूर्णवेळ स्वयंसेवक होतो आणि प्रत्येकाने एकदा तरी असे जावे, असे माझे मत आहे. प्लास्टरच्या पट्ट्या भिजवून देणे हे माझे काम. तंत्रज्ञ उरलेल्या पायावर मोजा चढवून हाडांचे उंचवटे कॉपिंग पेन्सिलीने (ओली झाली की जांभळी उमटणारी पेन्सिल) रेखाटत. प्लास्टर वाळून निघाले की त्या जांभळ्या खुणा आतल्या बाजूस उमटलेल्या दिसत आणि सॉकेट, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो तो कृत्रिम पायाचा साचा, बनवताना नेमक्या त्याच जागी दाब कमी ठेवला जाई. मळणीयंत्रात गुडघ्याखालचा पाय गेलेल्या एका बाईंनी समांतर दांड्या धरून चार पावले टाकली आणि लगेच विचारले, “या पायानं निंदाले बसता येईन का?” मला उत्तर देता आले नाही. रोज नोंदणीपूर्वी प्रार्थना होई. तिला बसणे ऐच्छिक होते.

प्रतिसाद, अमरावती

आपल्या हेतूविषयी मला शंका नाही, तरीही मी असहमत आहे. पहाटेच्या एसटीने आलेला, कुबड्या टेकून रांगेत उभा असलेला माणूस प्रार्थना सुरू झाल्यावर उठून बाहेर जाईल का? ज्याच्या हातात पाय देणे आहे, त्याच्यासमोर ‘ऐच्छिक’ या शब्दाला अर्थ उरत नाही. घटनेच्या २५व्या कलमाने धर्मप्रचाराचे स्वातंत्र्य दिले आहे आणि ते मला मान्य आहे, पण ते गरजेच्या टेबलावर वापरू नये. शिवाय २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानंतर पुनर्वसन ही शासनाची जबाबदारी आहे. अशा शिबिरांमुळे हक्काची गोष्ट पुन्हा उपकाराची होते.

प्रतिसाद, कृत्रिम अवयव तंत्रज्ञ, वर्धा

आपण दोघेही आठ दिवसांबद्दल बोलत आहात, मला नवव्या दिवसाची काळजी आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या वर्षात उरलेला पाय आकसत जातो, सॉकेट सैल होते, कातडी घासली जाते. मधुमेही किंवा कुष्ठरोग झालेल्या रुग्णाला संवेदनाच कमी असल्यामुळे जखम चिघळेपर्यंत कळत नाही. कुष्ठरोगात बोटे झडतात ती रोगाने मांस खाल्ल्यामुळे नव्हे, तर वेदना न जाणवल्याने दुर्लक्षित राहिलेल्या जखमांमुळे, हे वेल्लोरला दाखवून देणारे डॉ. पॉल ब्रँड ख्रिस्ती मिशनरीच होते. पण ते तेथे १९४६ ते १९६६ राहिले. माझा आक्षेप मिशनला नाही, निघून जाण्याला आहे.

त्या बाईंचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. बुटात घालण्याच्या ताठ पाश्चात्त्य पावलावर उकिडवे बसता येत नाही. जयपूरला १९६८च्या सुमारास कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी रबरी पाऊल घडवले ते याच अडचणीतून: अनवाणी चालता यावे, मांडी घालता यावी, चिखलात उतरता यावे. आपल्या काळ्या मातीत दुसरे काय टिकणार? म्हणून शिबिरात कोणते पाऊल बसवले, हे आधी सांगा. माप भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदणीकृत व्यक्तीनेच घ्यावे, हेही सांगतो. स्वयंसेवकाने पट्ट्या भिजवाव्यात, तेवढे पुरे.

प्रतिसाद, पांढरकवडा

माझ्या वडिलांना पाय अशाच एका शिबिरातून मिळाला. त्याआधी दोन वर्षे ते प्रमाणपत्रासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी हेलपाटे घालत होते. प्रार्थनेला ते बसले आणि दर पौर्णिमेला विहारातही जातात. अमरावतीच्या मित्रांना माझी विनंती आहे की, माझ्या वडिलांच्या वतीने अपमान वाटून घेण्यापूर्वी एकदा वडिलांनाच विचारावे.

धागाकर्ता

पाऊल रबरीच होते, पण फेरतपासणीची तारीख एकालाही दिली गेली नाही; ही उणीव मी मान्य करतो. मापांची वही माझ्याकडे आहे आणि त्यात एकेचाळीस नावे आहेत. पेरणीपूर्वी प्रत्येकाच्या घरी जाऊन सॉकेट सैल झाले आहे का, हे मी पाहीन. वर्ध्याच्या तंत्रज्ञांनी एक रविवार द्यावा.

प्रतिसाद, वर्धा

दोन रविवार देतो. त्या बाईंच्या घरी आधी जाऊ.

प्रतिसाद, अमरावती

माझी गाडी न्या. प्रार्थनेबद्दलचे माझे मत मात्र तेच आहे.