चर्चा: अमेरिकेतल्या छोट्या धंद्याला एस कॉर्पच बरी?

डलासकर: एस कॉर्प म्हणजे स्वतः आयकर न भरता नफा भागधारकांच्या नावे लावणारी कंपनी, सी कॉर्प म्हणजे स्वतः कर भरणारी. नफा दरवर्षी घरीच न्यायचा असेल तर सी कॉर्प म्हणजे एकाच पैशावर दोनदा कर. 100 डॉलर नफ्यावर कंपनी 21 भरणार, उरलेल्या 79 च्या लाभांशावर 15 टक्क्यांनी आणखी 11.85. वरच्या उत्पन्नगटात (20 अधिक 3.8 टक्के) एकूण 39.80 जातात. एस कॉर्पचा नफा के-1 वरून (भागधारकाच्या वाट्याचा नफा दाखवणारा फॉर्म) थेट भागधारकाच्या रिटर्नमध्ये येतो. वर 20 टक्के क्यूबीआय वजावट (धंद्याच्या पात्र उत्पन्नावरची सूट) पूर्ण मिळाली तर 37 टक्क्यांचा सर्वोच्च दर 29.6 होतो. पेरोल टॅक्सही (सोशल सिक्युरिटी, मेडिकेअरचा) फक्त पगारावर.

सॅन होजेवाला: ‘मिळाली तर’! डॉक्टर, वकील, सीपीए (लेखापाल) यांचं उत्पन्न मर्यादेपार गेलं की क्यूबीआय घटत शून्यावर येतं. आणि 79 लगेच काढायचे कशाला? धंद्यात ठेवा, तूर्त 21 वर भागतं. एस कॉर्पमध्ये सेंटही हातात न येता के-1 वर दोन लाख दिसले, तरी कर खिशातून. साठ टक्के शेअरवाल्याने नफ्याचं वाटप अडवलं की चाळीसवाल्याची पंचाईत. म्हणून निदान कराइतकं वाटप करारातच सक्तीचं करून घ्या. शिवाय कॅलिफोर्निया राज्य एस कॉर्पच्या नफ्यावर 1.5 टक्के घेतंच, किमान 800 डॉलर.

एडिसनकर: आपल्या लोकांचा घोळ वेगळाच. पुण्यातल्या वडिलांच्या नावे कौतुकाने 5 टक्के शेअर केले, की त्याच दिवशी एस दर्जा गेला. अनिवासी परदेशी भागधारक चालत नाही. परवानगीशिवाय पुढची पाच वर्षं तो परत घेता येत नाही. एच-1बीवाला करापुरता निवासी असेल तर चालतो, पण तो कायमचा भारतात परतला की तोच प्रश्न.

डलासकर: मग वडिलांकडून कर्ज घ्या, शेअर देऊ नका.

एडिसनकर: कर्ज लेखी ठेवा, व्याज नफ्याशी बांधू नका. तरीही ‘स्ट्रेट डेट’चं संरक्षण (साध्या कर्जाला शेअर न मानण्याचा नियम) अनिवासी नातेवाइकाच्या कर्जाला नाही. आयआरएसने (तिथल्या आयकर खात्याने) ते भांडवल ठरवलं तर वडील भागधारक ठरतात आणि दर्जा धोक्यात.

सॅन होजेवाला: पेरोल वाचवायला पगार नाममात्र दाखवणाऱ्यांनी 2012 चा वॉटसन निकाल वाचावा. वॉटसन या अकाउंटंटचा वर्षाचा पगार 24 हजार डॉलर, नफ्याचं वाटप दोन लाखांच्या आसपास. कोर्टाने रास्त पगार 91 हजारांवर धरला.

डलासकर: रास्त पगार द्यायचाच, त्यात वाद नाही. उरलेल्या नफ्यावरची बचत तरीही खरी. फक्त फॉर्म 2553 (एस दर्जाचा अर्ज) वर्ष सुरू झाल्यापासून दोन महिने पंधरा दिवसांत भरा. टेक्सास, कॅलिफोर्नियात शेअर सामाईक मालमत्तेत मोडत असतील तर नवऱ्याची किंवा बायकोचीही सही लागते. ती नसेल तर अर्ज अडकू शकतो.