रवांडा १९९४: कॅप्टन म्बाये डियानने एकट्याने माणसं कशी वाचवली?

आरती_कोथरूड
माझा मुलगा अकरावीला आहे, वक्तृत्व स्पर्धेला त्याने रवांडाचा नरसंहार घेतलाय आणि त्यात सेनेगलचा कॅप्टन म्बाये डियान. यूएनच्या शांतिसेनेत होता, शेकडो लोकांना वाचवलं, इतकं कळलं. पण यूएनवाल्यांना मध्ये पडायचं नाही असा हुकूम होता ना? मग एकट्या माणसाला हे जमलं कसं? नुसतं शूर होता शूर होता म्हणून भागत नाही, परीक्षक विचारतातच. कुणी नीट सांगेल का प्लीज?

घाटमाथा
ताई, पहिली गोष्ट म्हणजे तो मिलिटरी ऑब्झर्व्हर होता, हातात हत्यारच नाही. ६ एप्रिलच्या रात्री राष्ट्राध्यक्षांचं विमान पाडलं आणि लगेच राजधानी किगालीत जागोजागी नाके लागले, नाक्यावर कोयते घेतलेली पोरं. ओळखपत्र दाखवा म्हणायचे, आणि त्यावर हुतू की तुत्सी (तिथले दोन समाज, हुतू कट्टरपंथी तुत्सींना मारत होते) ते लिहिलेलंच असायचं, बेल्जियमच्या राजवटीपासूनची पद्धत ती. तुत्सी निघाला की खलास. ७ तारखेला पंतप्रधान अगाथ उविलिंगियिमाना आणि त्यांच्या नवऱ्याला मारलं, त्या स्वतः हुतू होत्या तरी सोडलं नाही. मुलं जवळच यूएनच्या लोकांच्या आवारात लपलेली. डियानने त्यांना गाडीत लपवून मिल कोलिन हॉटेलात पोचवलं.

मृदुला
कसं जमलं याचं उत्तर ऐकायला साधं वाटेल पण तेच खरंय, तो माणसांशी बोलायचा. नाक्यावर गाडी थांबली की काच खाली, हसून दोन शब्द, सिगारेट पुढे, एखादा जोक, कधी पैसेही दिले. त्या पोरांना तो ओळखीचा झाला होता. बीबीसीचा पत्रकार मार्क डॉयल एकदा त्याच्या गाडीत होता, नाक्यावर एकजण हातबॉम्ब घेऊन खिडकीत वाकला आणि हा गोरा बेल्जियन आहे का म्हणाला, तेव्हा रेडिओवरून बेल्जियन लोकांविरुद्ध आग ओकली जात होती आणि त्यांचे १० सैनिक आधीच मारले गेले होते, म्हणजे हो म्हटलं तर मेलाच. तर डियान म्हणतो, छे, बेल्जियन मी आहे, बघ ना, काळा बेल्जियन! तो माणूस हसला आणि गाडी सुटली.
आणि हे एकदा नाही हो. एका फेरीत तीन-चार, फार तर पाच माणसं, वाटेत वीसच्या वर नाके, परत येऊन पुढची फेरी. मला ते परत जाणंच सगळ्यात मोठं वाटतं, पहिल्यांदा माणूस भरात जातो, पण दहाव्यांदा पुढे काय आहे ते पूर्ण माहीत असताना गाडी सुरू करायची म्हणजे काय छाती लागत असेल.

फौजीची_भाची
हुकमाबद्दल सांगते. माझे मामा यूएन मिशनवर काँगोत होते, ते म्हणायचे की तिथे 'आदेश नाही' या दोन शब्दांसारखं वजनदार दुसरं काही नाही, त्याच्या आड कुणीही लपू शकतं आणि कुणी विचारत नाही. डियानने हुकूम मोडलाच. पण रवांडातल्या यूएन फौजेचे प्रमुख जनरल डॅलेर यांना ते माहीत होतं आणि त्यांनी त्याला थांबवलं नाही. २१ एप्रिलला यूएनच्या सुरक्षा परिषदेने रवांडातली फौज २७० वर आणायची ठरवलं, ऐन कत्तलीत! भाषणात हे दोन्ही शेजारी ठेवायला सांगा, तिकडे न्यूयॉर्कमधला ठराव आणि इकडे त्याची एक गाडी.

घाटमाथा
आणि आकडा छातीठोकपणे सांगू नका. कुणी ५०० म्हणतं कुणी ६०० तर कुणी १००० पर्यंत जातं, तो काय वही घेऊन फिरत नव्हता. शेकडो म्हणा, पुरे. ३१ मे ला तो नाक्यावर असताना मागे तोफगोळा पडला, तुकडा डोक्यात घुसला. घरी जायला १२ दिवस राहिले होते. बायको, दोन लहान मुलं. मृतदेह ठेवायला पिशवीसुद्धा नव्हती, प्लास्टिकच्या कापडाची करावी लागली. २०१४ ला सुरक्षा परिषदेने त्याच्या नावाने शौर्यपदक सुरू केलं, पहिलं पदक २०१६ ला त्याच्या कुटुंबाला दिलं.

आरती_कोथरूड
सगळ्यांचे मनापासून आभार. मुलाला आत्ताच वाचून दाखवलं, प्लास्टिकच्या कापडापाशी आल्यावर माझाच आवाज बसला. त्याने आधीची सुरुवात खोडली, आता नाक्यावरच्या सिगारेटपासून सुरू करतोय.